वर्षाभू : पहिल्या पावसाच्या बेडकांचा इतिहास

वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीला मे महिन्यात ज्या भेगा पडतात, त्यांत माणसाचा हात कोपरापर्यंत सहज जातो. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, नाले कोरडे ठणठणीत असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो. अशा तापलेल्या रानावर जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी पहिला दणकट पाऊस कोसळतो, आणि त्याच रात्री धुऱ्याशेजारच्या सखल कोपऱ्यातून बेडकांचा गलका सुरू होतो. काल जिथे ओलाव्याचा थेंब नव्हता तिथे आज हळदीसारखे पिवळेजर्द बेडूक गळ्याचे निळे फुगे फुगवून ओरडत असतात. हे एवढे बेडूक एका रात्रीत येतात कुठून?

हा प्रश्न शेतकऱ्याला पडतो, शाळकरी पोराला पडतो, आणि आपल्या वाङ्मयात तो निदान तीन हजार वर्षे तरी पडत आला आहे. अमरकोशात बेडकाला भेक, मंडूक, शालूर, प्लव, दर्दुर अशी नावे दिली आहेत, आणि त्यांच्या जोडीने आणखी एक नाव आहे – वर्षाभू. वर्षेत होणारा, पावसातून जन्मणारा. नावातच प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते बरोबर आहे की चूक, हे ठरवायला माणसाला बराच काळ लागला. त्या काळात बेडूक ऋषींच्या सूक्तात आला, दर्शनकारांच्या दृष्टांतात आला, धोंडीच्या काठीवर बांधला गेला, प्रयोगशाळेतल्या मेणाच्या थाळीत टाचण्यांनी खिळला गेला आणि शेवटी बर्फाच्या पेटीत बसून परदेशी गेला. या प्रत्येक ठिकाणी माणसाने बेडकाकडे पाहिले ते मोठ्या, ओरडणाऱ्या, उडी मारणाऱ्या बेडकाकडे. त्याच्या आयुष्याचा पहिला भाग, डबक्यातला, बहुतेक वेळा नजरेआड राहिला. बेडकाचे आजचे संकट समजून घ्यायचे तर हा विसर कसा पडत गेला, ते पाहावे लागते.

वर्षभराचे मौन

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले १०३ वे सूक्त मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. ऋषी वसिष्ठ, ऋचा अवघ्या दहा. यास्काच्या निरुक्तात त्याच्या जन्माची कथा येते : पावसाची इच्छा धरून वसिष्ठाने पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी तिला दाद दिली, म्हणून त्याने बेडकांचीही स्तुती केली. सूक्तात बेडकांची तुलना व्रतस्थ ब्राह्मणांशी आहे. वर्षभर मौन धरून पडून राहिलेले हे व्रती पर्जन्याची चाहूल लागताच बोलू लागतात. एकाने म्हटलेले दुसरा म्हणतो, गुरूमागून शिष्याने म्हणावे तसे.

या सूक्ताचे काय करायचे, हा पंडितांपुढचा जुना पेच. मॅक्सम्युल्लर यांना त्यात पुरोहितवर्गाची थट्टा दिसली. पुढच्या अभ्यासकांनी ती कल्पना मागे टाकली आणि हे पाऊस पाडण्याचे मंत्रसूक्त असल्याचे मांडले. अथर्ववेदातल्या पर्जन्यसूक्तातही बेडूक येतातच. पण थट्टा की मंत्र, या वादात एक गोष्ट बाजूला पडली. ज्याने हे सूक्त रचले त्याने बेडूक नीट पाहिले होते. कोरड्या तळ्यात पडलेल्या बेडकाला तो वाळलेल्या चामड्याच्या पखालीची उपमा देतो. एकाचा आवाज गाईसारखा आणि दुसऱ्याचा बोकडासारखा, एक ठिपकेदार आणि दुसरा हिरवा, नाव मात्र दोघांचे एकच, अशी नोंद करतो. ही एकाच डबक्यावर जमलेल्या वेगवेगळ्या जातींची नोंद आहे. पाऊस आल्यावर एक बेडूक दुसऱ्याला धरतो, असेही तो सांगतो. स्टेफनी जेमिसन या वेदाभ्यासक विदुषीने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकात १९९० च्या दशकात एक लेख लिहून हे सूक्त निसर्गनिरीक्षण म्हणून वाचले आणि त्यातल्या वर्णनाचा संबंध बेडकांच्या मीलनाशी जोडला. नराने मादीला पाठीवरून घट्ट धरून ठेवायचे आणि ती अंडी घालील तेव्हा त्यांवर रेत सोडायचे, ही बेडकांची रीत पावसाळ्यात डबक्याकाठी बसणाऱ्या कोणालाही दिसते. ऋषीलाही ती दिसली असणार.

म्हणजे सर्वांत जुन्या उत्तरात बेडूक पावसातून जन्मत नाही. तो इथेच असतो, गप्प असतो. शास्त्र ज्याला ग्रीष्मनिद्रा म्हणते तिचेच हे काव्यातले वर्णन आहे.

मातीचा बेडूक

पुढच्या काळात मात्र हे उत्तर पुसट झाले. वाचस्पती मिश्र हे मोठे दर्शनकार. योगसूत्रांच्या पहिल्या पादावर टीका लिहिताना, प्रकृतीत लीन झालेला जीव पुन्हा संसारात कसा येतो हे समजावताना, त्यांनी दृष्टांत घेतला तो बेडकाचा. पावसाळा सरल्यावर बेडकाचा देह मातीशी एकरूप होतो आणि मेघाच्या धारा पडताच पुन्हा बेडकाचा देह होतो, असा तो दृष्टांत. वाचकाला हे ठाऊकच आहे, असे गृहीत धरून तो दिलेला आहे. त्या काळच्या सुशिक्षितांची समजूत त्यातून कळते. ही समजूत आपल्याकडेच होती असेही नाही. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन ग्रंथकारानेही बेडूक हिवाळ्याआधी चिखलात विरघळतात आणि वसंतात पाण्यातून पुन्हा होतात असे लिहून ठेवले आहे.

या समजुतीला हसणे सोपे आहे. पण डोळ्यांना जे दिसते त्याच्याशी ती पूर्ण जुळते. बलूनसारखा गोल फुगणारा एक बेडूक दख्खनच्या पठारावर आढळतो. त्याच्या मागच्या पायांच्या तळव्यांना फावड्यासारखे कठीण उंचवटे असतात. त्यांनी माती मागे सारत तो उलटा, पाठीमागच्या बाजूने जमिनीत उतरतो. वरची माती त्याच्यावर ढासळते आणि खड्डा बुजतो. मागे ना बीळ राहते, ना तोंड. कुदळीने खणताना हाताला लागलेला असा बेडूक मातीच्या ढेकळासारखाच दिसतो. जमिनीत उतरणारी आणखी एक छोटी जात रेताड आणि मऊ जमिनीत अशीच राहते. काळ्या जमिनीत तर खणण्याचेही कष्ट नकोत. भेगा आयत्याच असतात. दिवसचे दिवस हा प्राणी खाणेपिणे सोडून देतो, श्वास आणि हृदयाचे ठोके मंद करतो, शरीरातली चरबी आणि मूत्राशयात साठवलेले पाणी पुरवून पुरवून वापरतो. बेडूक तोंडाने पाणी पितच नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो ते शोषून घेतो. म्हणून पाऊस जमिनीत मुरला की तो त्याच्या अंगालाच लागतो. ढगांचा गडगडाट, हवेतला दमटपणा आणि हे मुरलेले पाणी, एवढी वर्दी मिळाली की मातीचे ढेकूळ हलू लागते.

धोंडी आणि पंचांग

पाऊस आला की बेडूक येतो, हे नाते उलटे धरले की बेडूक आणला म्हणजे पाऊस येईल, अशी आशा तयार होते. विदर्भातली धोंडी या आशेतून आलेली आहे. मृग कोरडा जाऊ लागला, पेरणी खोळंबली की गावातली पोरे धोंडी काढतात. एखाद्या पोराला कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झाकतात, काठीला किंवा मुसळाला बेडूक बांधतात आणि दोघांच्या खांद्यावर ती काठी देऊन घरोघर फिरतात. घरची बाई धोंडीवर तांब्याभर पाणी ओतते, पोरांच्या पदरात धान्य घालते. त्या धान्याचा मग गावजेवणासारखा शिधा होतो.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला, तो तेव्हाच्या मध्य प्रांताचा भाग म्हणून. या मध्य प्रांतातली बेडकाची चाल केंब्रिजच्या जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात नोंदलेली आहे : कडुनिंबाच्या पानांनी झाकलेल्या काठीला बेडूक बांधून दारोदार नेणे आणि त्याच्याकडे पाणी मागणे. त्याच प्रकरणात तेलुगू मुलखातला नव्या सुपाला बांधलेला बेडूक आहे आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीकाठचे लोकही आहेत. ते बेडूक भांड्याखाली ठेवत आणि पाऊस लांबला तर त्यांना झोडपत. फ्रेझरना या साऱ्यात आदिम जादूचे एकच सूत्र दिसले. पण वऱ्हाड-वर्ध्याच्या धोंडीत जादूइतकीच आणखी एक गोष्ट होती. ती काढायची वेळ म्हणजे गावाची सर्वांत अवघड वेळ. बी घरात आणि कर्ज डोक्यावर. त्या वेळी प्रत्येक घराने थोडे पाणी आणि थोडे धान्य बाहेर काढायचे, असा हा रिवाज. पाऊस आला नाही तरी निदान एका दिवसाचे जेवण सगळ्यांना मिळे.

यात बेडकाचे हाल होत, हे खरे. उन्हात काठीला बांधलेल्या, ओल्या कातडीवर जगणाऱ्या प्राण्याला तांब्याभर पाण्याचाच आधार. तरीही या रिवाजाने त्याला एक दर्जा दिला होता. तो पावसाचा वकील होता. त्याला मुद्दाम मारायचे नाही, एवढा संकेत त्यातून आला.

शिष्टांच्या घरी हेच नाते पंचांगात गेले. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असते : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाले की पाऊस भरपूर, हे आजही खेड्यांत आणि वर्तमानपत्रांत वाचले जाते. हे वाहन ठरते मात्र गणिताने : सूर्य नक्षत्रात शिरताना त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी पाहायची. या हिशेबात शेतातल्या बेडकाकडे पाहण्याची गरज उरलेली नाही. सूक्तातला ठिपकेदार आणि हिरवा बेडूक इथे भागाकाराची बाकी झाला.

अंडे, शेपटी आणि घड्याळ

बेडूक मातीतून होत नाही, अंड्यातून होतो, हे सिद्ध करण्याचे काम युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत झाले. डच निसर्गाभ्यासक यान स्वामरडाम याने बेडकाचे अंडे, त्यातली वाढ, शेपटीचे पिल्लू आणि मोठा बेडूक यांची बारकाईने चित्रे काढली; ती त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, १७३७–३८ मध्ये ग्रंथरूपाने आली. पुढे स्पालान्झानी या इटालियन धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने नर बेडकांना मेणकापडाच्या इवल्या चड्ड्या शिवून घातल्या. मीलन झाले, मादीने अंडी घातली, पण ती रुजली नाहीत. चड्डीतला द्राव अंड्यांना लावला तेव्हा मात्र त्यांतून पिल्ले झाली. विज्ञानाच्या इतिहासातल्या हसू आणणाऱ्या प्रयोगांपैकी हा एक. प्राण्यांची प्रजा होण्यासाठी नराचे रेत अंड्याला लागावे लागते, हे त्यातून कळले.

आपल्या डबक्यात घडते ते असे. ओरडतात ते नर. तोंड आणि नाकपुड्या मिटून ते फुप्फुसातली हवा गळ्याच्या पिशवीत आणि पिशवीतली पुन्हा फुप्फुसात खेळवतात. प्रत्येक जातीची मादी आपल्याच जातीचा आवाज ओळखून येते. मोठ्या रानबेडकाची, म्हणजे आपल्या पिवळ्याजर्द बेडकाची मादी हजारो अंडी घालते. भेक अंड्यांच्या लांबच लांब लगडी पाणवनस्पतींत गुंडाळून ठेवतो. झाडावर राहणारा बेडूक पाण्यावर ओणवलेल्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला फेसाचे घरटे लावतो. पिल्ले तयार झाली की टपटप खाली पाण्यात पडतात. एका डबक्यात पाच-सहा जाती अशा आपापल्या परीने संसार मांडतात.

अंड्यातून निघते ते बेडकाचे पिल्लू बेडकासारखे मुळीच नसते. विश्वकोशाने त्याला भैकेर म्हटले आहे. पोरे त्याला बेडूकमासा म्हणतात आणि तेच नाव अधिक बरोबर वाटते. त्याला कल्ले असतात, शेपटी असते, शिंगासारख्या कठीण चोचीने ते दगडावरचे शेवाळ खरवडते आणि ते पचवायला त्याच्या पोटात घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घातलेले लांब आतडे असते. रानबेडकाचे भैकेर मात्र शिकारी. तो इतर भैकेर आणि आपली भावंडेही खातो. काही आठवड्यांनी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. कल्ले जाऊन फुप्फुसे कामाला लागतात, चोच गळून रुंद जबडा येतो, लांब आतडे आखडते. या दिवसांत पिल्लू काही खात नाही. शेपटी गळून पडते असे आपण समजतो. खरे तर ती आतल्या आत विरघळवून ते तिच्यावरच जगते.

हे सारे कोण घडवते, याचा पत्ता १९१२ मध्ये लागला. गुडरनाच या शास्त्रज्ञाने भैकेरांना घोड्याच्या अवटू ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, आणि वेळ होण्याआधीच त्यांचे इवलेसे बेडूक झाले. माणसाच्या गळ्यातली जी थायरॉइड ग्रंथी आपल्याला ठाऊक आहे, तीच बेडकाच्या रूपांतरणाचे घड्याळ चालवते. पुढे आणखी एक गोष्ट कळली. कित्येक जातींत डबके आटू लागले, पाणी तापू लागले, गर्दी झाली की हे घड्याळ वेगाने चालते. पिल्लू लहान राहते, अशक्त राहते, पण पाणी संपण्याआधी बाहेर पडते.

आता विचारायला हवे की एवढा धोका पत्करून बेडूक आटणाऱ्या डबक्यातच अंडी का घालतो? बारमाही तळे जवळ असतानाही तो शेतातल्या वीतभर पाण्याकडे का जातो? उत्तर एका शब्दात आहे – मासे. बारमाही पाण्यात मासे असतात आणि ते अंडी आणि पिल्ले फस्त करतात. पहिल्या पावसाच्या डबक्यात मासा नसतो. तिथे शत्रू असते ते ऊन. मासा की ऊन, या दोहोंत रानबेडकासारख्या जातींनी ऊन निवडले आणि आपले सगळे आयुष्य त्या पैजेवर बेतले. पहिल्या मोठ्या पावसाने खड्डे भरले पाहिजेत आणि चार-सहा आठवडे ते भरलेले राहिले पाहिजेत. मृगात पाऊस येऊन नंतर पंधरा-वीस दिवस ओढ दिली तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. बेडकाचीही पेरणी त्याच पावसावर झालेली असते. त्याला दुबार बियाणे उसने देणारे कोणी नसते.

पायांचा व्यापार

विसाव्या शतकात बेडकाचे हे आयुष्य दोन नव्या कारणांनी मोजले जाऊ लागले. एक शिक्षण, दुसरा व्यापार.

राना टायग्रिना हे नाव जीवशास्त्र शिकलेल्या मराठी माणसाच्या कानांत कायमचे बसलेले असते. मेणाच्या थाळीत चार टाचण्यांनी ताणलेला हा बेडूक कापूनच वर्ध्यापासून मुंबईपर्यंतच्या डॉक्टरांच्या आणि प्राध्यापकांच्या पिढ्या शरीररचना शिकल्या. शिकण्याचे ते मोल खरेच होते. पण अभ्यासक्रमातला तो बेडूक बिनडबक्याचा होता. तो बरणीतून येई आणि बादलीत जाई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते बंद करण्यास सांगितले.

व्यापाराचे प्रमाण याहून फार मोठे. फ्रान्स, अमेरिका आणि इतर देशांतल्या जेवणाच्या टेबलांसाठी भारतातून बेडकांचे गोठवलेले पाय स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जाऊ लागले. माल गोळा होई तो मुख्यतः केरळ, पश्चिम बंगालसारख्या पाणथळ राज्यांत. पावसाळी रात्री, म्हणजे नेमके बेडूक मीलनासाठी जमत तेव्हा, कंदील घेऊन माणसे त्यांना पकडत. कमरेखालचा भाग कापून घेत, बाकीचा जिवंत धड टाकून देत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस ही निर्यात वर्षाला चार हजार टनांच्या वर गेली होती. हे वजन फक्त पायांचे होते.

याविरुद्ध अभ्यास करून बोलणाऱ्यांत एक नाव मुंबईचे होते. हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जुने कार्यकर्ते, पक्ष्यांचे जाणकार. सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी राहणाऱ्या एका बेडकाला १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे – निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. सोसायटीच्या नियतकालिकात १९८५ मध्ये त्यांनी बेडकांच्या पायांच्या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. बेडूक शेतातले किडे आणि भातखाचरातले खेकडे खातो. तो विकून परकीय चलन मिळवायचे आणि त्याने जे किडे खाल्ले असते त्यांच्यासाठी कीटकनाशके विकत घ्यायची, हा हिशेब आतबट्ट्याचा आहे, असा त्या काळच्या निसर्गरक्षकांचा युक्तिवाद होता. १९८५ मध्येच रानबेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि १९८७ मध्ये भारत सरकारने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली.

हा निर्णय मोठाच होता. बंदीनंतर मागणी थांबली नाही; ती इंडोनेशियासारख्या देशांकडे वळली. पण आपल्या रानबेडकाला जीवदान मिळाले. ही जात आज जगातून नाहीशी होण्याच्या यादीत नाही. उलट अंदमानात माणसाच्या हाताने पोहोचल्यावर तिथे तिने उपद्रव मांडला आहे आणि तिची शिकारी पिल्ले तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्ले खात सुटली आहेत. तेव्हा बेडूक म्हणजे बिचारा, निरुपद्रवी जीव, असा भाबडा समजही करून घेऊ नये.

मात्र या बंदीने जे वाचवले ते बेडकाचे पाय. कायदा ज्या बेडकाला ओळखत होता तो पुन्हा मोठा, पूर्ण वाढलेला बेडूकच होता. पखालीसारखा सुकलेला ऋषींचा बेडूक, काठीवरचा धोंडीचा बेडूक, थाळीतला विद्यार्थ्यांचा बेडूक आणि पेटीतला निर्यातदारांचा बेडूक, सगळे एकाच वयाचे. डबक्यातला बेडूकमासा यांपैकी कुणाच्याच हिशेबात नव्हता.

डबक्याचा हिशेब

जगातल्या उभयचरांची पहिली मोठी मोजदाद २००४ मध्ये झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश जाती धोक्यात होत्या. २०२३ च्या मोजदादीत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास गेले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या कोणत्याही वर्गाची इतकी वाईट अवस्था नाही. अधिवासाचा नाश, बुरशीचा एक रोग आणि बदलते हवामान ही त्याची मुख्य कारणे. वर्ध्याच्या बेडकांच्या बहुतेक जाती या धोक्याच्या यादीत येत नाहीत. त्या सर्वत्र आढळणाऱ्या, साध्या जाती आहेत. म्हणूनच त्यांच्याकडे लक्ष जात नाही. सह्याद्रीत नवी जात सापडली की बातमी होते. आर्वी-हिंगणघाटच्या शेतात जुनी जात एखाद्या वर्षी ओरडली नाही तर होत नाही.

त्यांचे डबके मात्र बदलले आहे. कापूस, तूर, सोयाबीनच्या शेतांत पूर्वी सखल कोपरे सुटत. ट्रॅक्टरने जमीन सपाट होऊ लागली तसे ते भरले गेले. नाले खोल आणि सरळ झाले. पाणी अडवण्याची गरज विदर्भाला किती आहे, हे सांगायला नको; पण उभ्या काठाच्या खोल नाल्यात बेडकाला हवा तो उथळ, गवताळ काठ राहत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाणी टिकते, तरी त्यात शेवाळाचा तळ आणि चढून बाहेर येण्याजोगा उतार मिळणे कठीण. आणि बारमाही पाणी झाले की त्यात मासे सोडले जातात. माणसाने पाणी वाढवले, पण बेडकाला हवे ते थोड्या दिवसांचे, बिनमाशांचे पाणी कमी झाले.

दुसरा बदल पाण्यात काय मिसळते याचा आहे. एन्डोसल्फान हे कापसावर वर्षानुवर्षे फवारले गेलेले कीटकनाशक मासे आणि भैकेर यांना अत्यंत विषारी. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. अमेरिकेत रिक रेलिया या शास्त्रज्ञाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ग्लायफोसेट असलेले तणनाशक छोट्या तळ्यांत सोडल्यावर तीन आठवड्यांत जवळजवळ सगळे भैकेर मेले. तणनाशक पानावर पसरावे म्हणून त्यात साबणासारखे एक द्रव्य मिसळलेले असते, आणि कल्ल्यांना मारक ठरते ते बहुधा तेच. आपल्याकडे तण मारायचा हंगाम म्हणजे जून-जुलै. बेडूकमासा डबक्यात असतो तेही हेच आठवडे.

बेडूक कातडीने पाणी पितो आणि कातडीने श्वासही घेतो. म्हणून पाण्यातले विष त्याला आधी कळते. माणसाची कातडी जाड, पण अभेद्य नाही. २०१७ च्या खरिपात वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्या अंगावर उडालेले औषध आणि धुऱ्याकडेच्या डबक्यात उतरलेले औषध एकाच पंपातले असते. बेडकाची काळजी म्हणजे शहरी हौस, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिल्या पावसाचे बेडूक येतात कुठून, याचे उत्तर आता आपल्याजवळ आहे. ते आपल्या पायाखालच्या भेगांतून येतात, आणि त्यांची पुढची पिढी चार-सहा आठवड्यांच्या डबक्यातून येते. वर्षाभू हे नाव अर्थाने खरे ठरले. बेडूक पावसातून जन्मत नाही, पण पावसाने साचलेल्या उथळ पाण्याशिवाय त्याचा जन्म पुरा होत नाही. हे पाणी राखायला मोठी योजना लागत नाही. शेताचा एक पाणथळ कोपरा न बुजवणे, जून-जुलैत त्याच्या आसपास तणनाशक न मारणे, फवारणीचे पंप आणि डबे त्यात न धुणे आणि त्यात मासे न सोडणे, एवढे एका शेतकऱ्याच्या हातातले आहे. गावाच्या गायरानातली आणि शाळेमागची डबकी तेवढीच महत्त्वाची. मलेरियाच्या भीतीने ती बुजवण्याआधी त्यांत डासांच्या अळ्या किती आणि त्या खाणारे पाणकिडे व बेडूकमासे किती, हे पोरांना मोजायला लावले तर जीवशास्त्राचा तो तास मेणाच्या थाळीतल्या तासापेक्षा अधिक शिकवून जाईल.

धोंडी काढणाऱ्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या बेडकाकडे पाणी मागितले. पाऊस आणणे त्याच्या हाती कधीच नव्हते. त्याला लागणारे वीतभर पाणी सहा आठवडे राहू देणे मात्र आपल्या हाती आहे.